पी.पी. कुलकर्णी

राउटर या वस्तूशी माझा पहिला संबंध १९७९ साली आला. त्या वेळी ही वस्तू अमेरिकेतसुद्धा घरात ठेवण्याजोगी झालेली नव्हती, हे मला ठाऊक आहे. तरी माझं म्हणणं मी मागं घेणार नाही. पुण्यात नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात राउटर होता, आणि ते काम वाड्याच्या मालकीणकाकू करीत.

वाड्यात बिऱ्हाडं अकरा आणि टेलिफोन एक. तो मालकांच्या ओटीवर, क्रोशाच्या रुमालाखाली, तबकडीला छोटं कुलूप घालून ठेवलेला असे. उरलेल्या दहा बिऱ्हाडांनी नोकरीच्या अर्जापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळीकडे तोच नंबर द्यायचा आणि पुढं 'पी.पी.' अशी दोन अक्षरं लिहायची. या अक्षरांच्या अर्थाबद्दल वाड्यात एकमत नव्हतं. जाणकार म्हणत, 'पार्टिक्युलर पर्सन'. ट्रंक कॉल लावताना ठरावीक माणसालाच बोलवायचं असलं की 'पी.पी. कॉल' सांगायचा आणि जास्त पैसे मोजायचे, त्यावरून आलेलं. मला स्वतःला 'पळत पळत' हा अर्थ जास्त पटायचा. कारण हाक ऐकल्यावर दुसऱ्या मजल्यावरून ओटीवर पोचेपर्यंत तीनातली दोन मिनिटं संपलेली असत.

आपण बाहेर फोन केला तर काही अडचण नसे. काकूंची एक वही होती. कोणी, कुठं, किती वाजता फोन लावला हे तीत लिहिलेलं असे. उत्तराचा फोन आला की काकू वहीत बघून बरोबर त्या बिऱ्हाडाच्या नावानं हाक मारीत. घोळ व्हायचा तो बाहेरून आपण होऊन आलेल्या फोनाचा. त्याची वहीत नोंद कशी असणार? त्यातून वाड्यात कुलकर्णी तीन. तळमजल्यावर पेन्शनर कुलकर्णी, माडीवर बिनलग्नाचे कुलकर्णी आणि त्याच्यावर, बिनलग्नाचाच, मी.

त्या मे महिन्यात मी सोलापूरला मुलगी पाहून आलो होतो आणि माडीवरचे कुलकर्णी मिरजेला. एका संध्याकाळी काकू कीर्तनाला गेल्या असताना सोलापूरचा ट्रंक कॉल आला. तो घेतला काकूंच्या भाच्यानं. पलीकडून मुलीचे काका खरखरीतून ओरडून सांगत होते ते त्यानं इमानानं ऐकलं आणि अंगणात उभा राहून आरोळी ठोकली, "कुलकर्णीऽऽ, मुलीकडचा होकार आलाय!" कुठल्या गावच्या मुलीकडचा, हे सांगायचं राहिलं. पेन्शनर कुलकर्णी दारात आले, "कोणाचा?" म्हणाले आणि परत आत गेले. पण जाण्यापूर्वी क्षणभर रेंगाळले, हे मी गच्चीवरून पाहिलं. माडीवरचे कुलकर्णी तीन तीन पायऱ्या गाळत खाली आले आणि अर्ध्या तासात चितळ्यांचे पेढे घेऊन वाडाभर फिरले. मीही एक पेढा खाल्ला. त्यांचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. माझ्या स्वतःच्या लग्नाचा पेढा मी असा दुसऱ्याच्या हातून खाल्ला.

सोलापुरात मंडळी माझ्या उत्तराची वाट पाहत बसली. आठ दिवस काहीच नाही म्हटल्यावर मुलाकडचे मागं सरले असं समजून त्यांनी बार्शीच्या एका ओव्हरसियरची पत्रिका मागवली. नवव्या दिवशी त्यांचं एक रागाचं पोस्टकार्ड आलं आणि त्याच टपालानं माडीवर मिरजेचा नकार आला. पोस्टमननं दोन्ही पत्रं बरोबर ज्याची त्याला दिली. माडीवरच्या कुलकर्ण्यांनी पेढ्यांचे पैसे कधी मागितले नाहीत. माणूस फार चांगला होता.

हे सगळं आठवायचं कारण गेल्या वर्षी आमच्या फ्लॅटमध्ये नवा राउटर घ्यायचा ठरला. घरात आता माणसं पाच. मुलगा एका खोलीत बसून कचेरी चालवतो, सूनबाई दुसऱ्या खोलीत बसून वेगळी कचेरी चालवते, नातवाला अभ्यासासाठी म्हणून जे लागतं त्यात अभ्यास किती ते मी विचारत नाही, मी जुन्या क्रिकेटच्या मॅचेस बघतो आणि ही पेटी शिकवते. कनेक्शन एक. इंटरनेटवाल्यांनी दिलेला डबा दारामागं चपलांच्या कपाटावर, कारण त्यांच्या माणसाला वायर तिथपर्यंतच आणायची होती.

"राउटर नक्की करतो काय रे?" मी नातवाला विचारलं.

"आजोबा, बाहेरच्यांना आपल्या घराचा एकच नंबर दिसतो. आतून कोणी काय मागितलं ते राउटर लिहून ठेवतो आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला देतो. आपण मागितलं नसताना बाहेरून काही आलं तर ते टाकून देतो."

मी खुर्चीतून उठलोच. ही तर काकूंची वही! फक्त शेवटचं कलम काकूंकडे नव्हतं. असतं तर सोलापूरचा तो फोन कोणालाच पोचला नसता. पेढा तरी वाचला असता.

त्या दिवसापासून मी या विषयाचा नाद घेतला. रिटायर माणसाला नाद परवडतो.

राउटरचा मूळपुरुष १९६९ सालचा. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशानं चार संस्थांचे संगणक एकमेकांना जोडायचं ठरलं. चौघांचे संगणक चार जातींचे, एकाची भाषा दुसऱ्याला कळेना. तेव्हा प्रत्येकाच्या दाराशी एक दुभाष्या ठेवावा आणि दुभाष्यांनी आपसात बोलावं, अशी युक्ती निघाली. हे दुभाषे बनवले बीबीएन नावाच्या कंपनीनं. एकेक फ्रिजएवढा, वजन चारशे किलोच्या आसपास. नाव 'इंटरफेस मेसेज प्रोसेसर'. कंपनीला हे काम मिळालं तेव्हा सेनेटर एडवर्ड केनेडी यांनी अभिनंदनाची तार पाठवली आणि तीत 'इंटरफेस'चं 'इंटरफेथ' झालं, म्हणजे यंत्राचं एकदम सर्वधर्मसमभाव मंडळ झालं, अशी गोष्ट सांगतात. निरोप चुकीचा पोचण्याची परंपरा तिथपासूनची आहे. २९ ऑक्टोबर १९६९ ला लॉस एंजेलिसहून पहिला शब्द पाठवायला घेतला, 'लॉगिन'. त्यातली 'एल' आणि 'ओ' ही दोन अक्षरं गेली आणि पलीकडचं यंत्र बंद पडलं. आमच्या ट्रंक कॉलपेक्षा त्यात फार काही निराळं नव्हतं.

पुढचा भाग नवराबायकोचा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात लेनर्ड बोसॅक आणि सँडी लर्नर हे जोडपं दोन वेगळ्या विभागांत कामाला होतं. दोन विभागांची यंत्रं एकमेकांशी बोलत नसल्यामुळं या दोघांना एकमेकांना पत्रं पाठवता येईनात, म्हणून त्यांनी राउटर केला, अशी आख्यायिका. आख्यायिका गोड आहे, पण पुरी खरी नाही. त्याच विद्यापीठातल्या बिल येगर नावाच्या माणसानं वेगवेगळ्या जाळ्यांना जोडणारा राउटर आधीच चालवून दाखवला होता. जोडप्यानं १९८४ साली सिस्को कंपनी काढली, तिच्या सुरुवातीच्या मालाच्या मुळाशी येगरचंच काम होतं, आणि विद्यापीठाशी त्यावरून झालेली रुसवाफुगवी १९८७ साली परवाना घेऊन मिटली. १९९० साली दोघंही कंपनीतून बाहेर पडले. लग्नही पुढं टिकलं नाही. हे मी हिला वाचून दाखवलं तेव्हा ही पोळी लाटता लाटता म्हणाली, "त्यांचं यंत्रानं जुळलेलं, ते मोडलं. आपलं यंत्रानं मोडलेलं, ते बघा चाललंय."

आता खरी अडचण. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक नंबर लागतो. १९८१ साली हे नंबर कायम झाले तेव्हा ते एकूण होते ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. जगाची लोकसंख्या त्या वेळीच याहून जास्त होती. म्हणजे पहिल्या दिवसापासून माणशी एकसुद्धा नंबर नव्हता. हा आकडा ज्यांच्या काळात ठरला ते व्हिंट सर्फ पुढं मोकळेपणानं सांगत आले की आपण तो एक प्रयोगच समजत होतो. बरं, वाटप तरी कसं? एमआयटी या एका संस्थेला एक कोटी सदुसष्ट लाखांवर नंबर, फोर्ड मोटार कंपनीला तेवढेच. लवकर पोचलेल्यांना चौसोपी वाडा आणि मागून आलेल्यांना खुराडं, हे पेठांपुरतंच आहे अशी माझी उगाच समजूत होती.

१९९४ च्या मे महिन्यात एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी यावर तोडगा मांडला. सगळ्या घराला बाहेरून एकच नंबर, आत प्रत्येकाला खाजगी नंबर, आणि उंबऱ्यावर बसलेल्या यंत्रानं वही ठेवायची. म्हणजेच पी.पी. हा तोडगा तात्पुरता म्हणून सुचवला होता. तात्पुरत्या गोष्टींचं काय होतं ते आपल्याला माहीत आहेच. लग्नात मी तात्पुरती म्हणून घेतलेली लोखंडी खाट अजून आमच्याकडे आहे. १९९६ साली हे आतले, खाजगी नंबर कोणते ते पक्कं झालं. म्हणून तर १९२.१६८.१.१ हा नंबर कोट्यवधी घरांतून सापडतो, जसा गावोगाव एक मारुती. जगाच्या शिलकी साठ्यातले शेवटचे नंबर ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपले. कमी न पडणारे, लांबलचक नवे नंबर निघालेत आणि आपल्या देशात ते पुष्कळ वापरलेही जातात, पण वही काही गेलेली नाही.

आपल्याकडे इंटरनेट जनतेला मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. आमच्या घरात ते यायला आणखी चार वर्षं गेली. त्या काळी इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून, मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज करीत यायचं आणि तेवढा वेळ टेलिफोन बंद. माझी मेहुणी सोलापूरहून फोन लावून लावून थकायची आणि मग पत्रातून चौकशी करायची. पुढं दुसरा संगणक आला. विंडोज ९८ च्या १९९९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत एका संगणकाचं कनेक्शन दुसऱ्याला द्यायची सोय होती. त्याप्रमाणं चिरंजीवांच्या संगणकातून एक वायर कन्येच्या संगणकाला गेली. यात मेख अशी की चिरंजीवांचा संगणक चालू असेल तरच कन्येला इंटरनेट. बहीणभावाचं भांडण झालं की हा पठ्ठ्या बटण बंद करून शांतपणे जेवायला बसायचा. दुष्काळात कालव्याचं फाटक ज्याच्या हातात, तो जितका शांत असतो तितका शांत.

घरगुती राउटरनं हे फाटक भावाच्या हातून काढून घेतलं. हा डबा घरोघरी नेणाऱ्यांत लिंक्सिस नावाची कंपनी पुढं होती. तीही एका जोडप्याचीच. व्हिक्टर आणि जेनी त्साओ यांनी ती १९८८ साली कॅलिफोर्नियात, स्वतःच्या गॅरेजमध्ये काढली. सुरुवातीचा धंदा एक प्रिंटर अनेक संगणकांनी वापरण्याच्या साधनांचा. एक वस्तू चौघांत पुरवणं, हा तर आपल्या बायकांचा जन्माचा अभ्यास. २००३ साली सिस्कोनं लिंक्सिस सुमारे पन्नास कोटी डॉलरना विकत घेतली. आमच्याकडे पहिला राउटर त्यानंतर आला. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ किलोबिट वेगाला 'ब्रॉडबँड' हे भारदस्त नाव मिळालं, पुढच्या वर्षी ते आमच्या तारेवरून आलं, आणि फोन आणि इंटरनेट एकदम चालू लागले. मेहुणीचा पहिला फोन सव्वा तास चालला.

तर गेल्या वर्षीची निवड. तीन आठवडे रोज रात्री जेवणानंतर समिती बसली. मुलाला आठ अँटेनांचा हवा होता. चित्रात तो उलटा पडलेल्या खेकड्यासारखा दिसत होता. सूनबाईला शोभेलसा पांढरा. दुकानदारानं एकाच्या खोक्यावरचा १२०० हा आकडा बोटानं दाखवला. मी आता अभ्यास केलेला माणूस. त्याला विचारलं, हा आकडा एकाचा की दोघांचा? कारण हे राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात. एका पट्टीचे ३००, दुसरीचे ८६७, दोन्ही मिळवून वर गोल करून १२००. मुलाचा पगार आणि बापाची पेन्शन एकत्र सांगून स्थळ सुचवणारे मध्यस्थ आम्ही पाहिलेले आहेत. या दोन पट्ट्यांत एक २.४ गिगाहर्ट्झची. ती सावकाश, पण भिंती ओलांडून जाणारी. दुसरी ५ ची, झपाट्याची, पण भिंत आली की दम टाकणारी. पहिलीवर गर्दी फार. १९८५ साली अमेरिकेत ज्या पट्ट्या परवान्याशिवाय खुल्या झाल्या त्या मुळात भट्ट्या वगैरेंसाठी सोडलेल्या, जणू गायरान. मायक्रोवेव्ह तिथंच चरतो. सूनबाईनं भाजी गरम करायला ठेवली की मुलाचा साहेब अमेरिकेत वाक्याच्या मध्येच गोठायचा. त्यांच्या संसारात यावरून थोडं बोलणंही झालेलं आहे.

या तीन आठवड्यांत मुलाच्या मीटिंगा, सुनेच्या मीटिंगा, नातवाचे खेळ, माझं क्रिकेट, सगळ्यांचा हिशेब निघाला. हिला कोणी विचारलं नाही. मीही नाही. हिचा क्लास पहाटे सहाला असतो. तेव्हा घर झोपलेलं, कनेक्शन मोकळं, अडचण कसली येणार?

एका पहाटे मला जाग आली म्हणून चहा करायला उठलो. स्वयंपाकघरामागच्या बंद केलेल्या बाल्कनीत, आमची झोप मोडू नये म्हणून दार लावून, ही पेटी घेऊन बसली होती. पेटीला एक हात भात्याला लागतो, एक पट्ट्यांना. मोबाइल खिडकीच्या गजाला नाडीनं बांधलेला आणि अर्धा बाहेर लोंबत होता. त्यातून न्यू जर्सीची एक दहा वर्षांची मुलगी "आजी, परत एकदा? तुटलं," म्हणत होती आणि ही तीच ओळ पुन्हा वाजवीत होती. मी दारात उभा राहून मोजलं. चार वेळा.

"वायफाय येत नाही का इथं?" मी विचारलं.

"कधी आलंय? मी माझ्या मोबाइलचं वापरते. महिन्याचं माझं मी भरते."

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सगळे कामात असता," ती म्हणाली आणि पाचव्यांदा भाता उघडला.

तिला लहानपणापासून पेटी येते हे मला सोलापूरला चहा पोहे खाताना सांगितलं होतं. वाड्याच्या भिंती पातळ म्हणून ती पेटी माळ्यावर गेली ती २०२० साली, सगळे घरात कोंडले गेले तेव्हा खाली उतरली. मधली चाळीस वर्षं मीही कामात होतो.

त्या रात्री समिती बसली तेव्हा मी अध्यक्षस्थान घेतलं. खेकडा रद्द. मधल्या दोन काँक्रीटच्या भिंती आणि लोखंडी कपाट यांच्यापुढं आठ काय नि सोळा काय. मध्यम किमतीचा दोन पट्ट्यांचा राउटर घेतला आणि तो चपलांवरून उचलून घराच्या मध्यावर, पॅसेजमधल्या कपाटावर ठेवला. जुना होता तो फेकला नाही. वीस मीटर वायर भिंतीच्या कडेनं नेऊन तो मागं बाल्कनीत बसवला. फक्त त्याचा नंबर वाटण्याचा अधिकार नातवानं बंद केला. एका घरात दोन कर्ते नंबर वाटू लागले की दोघांना एकच नंबर जातो आणि तंटा होतो. एकत्र कुटुंबाचा हा नियम यंत्रांनाही लागू आहे हे पाहून बरं वाटलं.

इंटरनेटवाल्यांचा मुलगा तपासायला आला होता. मी त्याला ऐटीत विचारलं, "आमच्या घराचा बाहेरचा नंबर कोणता?"

"काका, तुमचा असा नाहीये. बऱ्याच गिऱ्हाइकांत मिळून एक आहे."

कंपन्यांनी आपल्या गिऱ्हाइकांत असे सामाईक नंबर वाटावेत म्हणून २०१२ साली ४१ लाख ९४ हजार ३०४ नंबरांचा एक गठ्ठाच मुळी राखून ठेवलेला आहे. म्हणजे घरात पी.पी., आणि घर पुन्हा कुणाच्या तरी ओटीवर पी.पी. सत्तरी उलटल्यावर मी परत वाड्यात राहायला आलो.

शेवटचं काम नाव द्यायचं. नातवानं सुचवलेली नावं सोसायटीत सांगण्यासारखी नव्हती. वाद नको म्हणून मी आपलं साधं 'कुलकर्णी' ठेवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे चहा घेऊन मागं गेलो तर ही मोबाइलवर नवं वायफाय शोधत होती. यादीत एकाखाली एक तीन नावं होती. 'कुलकर्णी', 'कुलकर्णी २०३' आणि 'कुलकर्णी ५जी'.

"यातले आपण कोणते?" मी विचारलं.

हिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगू नका. मागच्या वेळी पेढा खाऊन आला होतात."